एका बाळाला किती हात लागतात?

चिंपांझीची मादी पिल्लू झाल्यावर पहिले काही महिने ते कुणाच्याही हाती लागू देत नाही. पिल्लू सतत तिच्या पोटाला बिलगलेलं असतं. ते चार-पाच वर्षं अंगावर पितं आणि तोवर सहसा तिला दुसरं पिल्लू होत नाही. माणसाचं बाळ या पिल्लापेक्षा कितीतरी असहाय असतं आणि त्याला मोठं व्हायला वेळही जास्त लागतो. तरीही शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या जमातींमध्ये दोन मुलांत तीन-चार वर्षांचंच अंतर असतं. थोरलं स्वतःपुरतं अन्न मिळवू लागण्याच्या खूप आधी धाकटं हजर! एकट्या आईच्या बळावर हे कसं निभत असेल?

बाळाचा मेंदू पाहिला की अडचण किती मोठी आहे ते कळतं. चार-पाच वर्षांच्या मुलाचं शरीर निवांत असताना जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातली जवळजवळ ६६ टक्के ऊर्जा मेंदूच खातो, असं ख्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. मोठ्या माणसात हेच प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असतं. इतकी वर्षं असा खर्चिक मेंदू पोसायचा आणि शिवाय कडेवर तान्हं बाळ सांभाळायचं, हे एकीच्या आवाक्यातलं काम नाही. सारा ब्लॅफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं असं की ते एकीचं काम कधी नव्हतंच. माणूस ही जातच अनेकांनी मिळून मुलं वाढवत घडली.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा टांझानियातल्या हाड्झा लोकांकडून मिळाला. ही एयासी सरोवराच्या परिसरातली, शेती न करणारी छोटी जमात. १९८० च्या दशकात क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी तिथे राहून कोण किती वेळ काम करतं आणि किती अन्न आणतं याची मोजदाद करत होते. तिथे कंद जमिनीत खोल, दगडांच्या सांदीत असतात. टोक काढलेल्या काठीने माती उकरायची, दगड उपसून बाजूला करायचे, मग पुन्हा उकरायचं. लहान मुलांच्या हातात तेवढी ताकद नसते. हे काम सगळ्यात नेटाने करताना दिसल्या त्या पाळी गेलेल्या बायका. तरुण बायकांपेक्षा त्या जास्त वेळ राबत होत्या. मुलांच्या वजनाच्या नोंदी तपासल्यावर खरी गोष्ट उलगडली. घरात तान्हं नसताना मुलाचं वजन आईच्या कष्टांवर अवलंबून असे. नवं बाळ आलं की आईचं उकरणं कमी होई, आणि मग थोरल्याचं वजन आजीच्या कष्टांप्रमाणे वाढे.

पाळी थांबल्यावरही बाई वीस-तीस वर्षं धडधाकट का जगते, हे कोडं जीवशास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत असं होत नाही. किलर व्हेलसारखे मोजके अपवाद आहेत. हॉक्स यांचं उत्तर असं, की ज्या आज्या नातवंडांना जगवत होत्या, त्यांचं दीर्घायुष्य त्याच नातवंडांतून पुढे उतरत गेलं. यावर अजून वाद आहेत, पण पुरावे वेगवेगळ्या दिशांनी येत राहिले. जुन्या फिनलंड आणि कॅनडातल्या नोंदी चाळून मिर्का लाहदेनपेरा, विर्पी लुम्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हिशेब मांडला, की पन्नाशीनंतर बाई दहा वर्षं जास्त जगली तर तिच्या वाट्याला सरासरी दोन नातवंडं जास्त आली.

पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियाच्या खेड्यांतला अभ्यास मला त्याहून जवळचा वाटतो. तिथल्या १९५० ते १९७४ च्या नोंदींवरून रेबेका सीअर आणि रूथ मेस यांना दिसलं, की दूध सुटण्याच्या नाजूक वयात आईची आई जिवंत असेल तर मूल जगण्याची शक्यता ठळकपणे वाढते. वडिलांच्या आईचा तसा परिणाम दिसला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पाटावर पाय लांब करून बसलेली आजी, तिच्या नडग्यांवर पालथं घातलेलं बाळ, एक हात मानेखाली आणि दुसऱ्याने पाठीला तेल. तेवढ्या वेळात बाळंतिणीला डोळा लागतो, तिच्या पोटात अळिवाची खीर जाते. या रिवाजातल्या प्रत्येक गोष्टीला शास्त्राचा आधार आहे असं मी म्हणणार नाही. धुरी आणि बाळाच्या डोळ्यांत काजळ घालणं बंद व्हायलाच हवं. पण थकलेल्या आईच्या हातून बाळ घेणारं विश्वासाचं माणूस घरात असणं, हा त्या रिवाजाचा गाभा अगदी खरा आहे. न्यू जर्सीतल्या लेकीच्या बाळंतपणाला आई सहा महिने जाते, ती परतली की सासूबाई निघतात, तेव्हा त्या दोघी हेच करत असतात. सवा महिना संपवून लेक सासरी किंवा शहरातल्या दोन खोल्यांत परत येते आणि एकदम सगळं तिच्या एकटीवर पडतं, तिथे खरी ओढाताण सुरू होते.

मग बाबा? गॅम्बियात वडील असण्या-नसण्याने मुलांच्या जगण्यात फरक पडलेला दिसला नाही. त्यावरून ‘पुरुषांना हे उपजत जमत नाही’ असा निष्कर्ष काढणं मात्र चूक आहे. फिलिपाईन्सच्या सेबू भागातल्या ६२४ तरुणांचा ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं माग ठेवला. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक अविवाहितांपेक्षा बरंच जास्त घसरलं होतं. रोज तीन तास किंवा त्याहून जास्त बाळाचं करणाऱ्या बापांमध्ये ते आणखी कमी आढळलं. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने पहिलटकर आईबापांच्या मेंदूची चित्रं घेतली. बाळाचं सगळं स्वतः करणाऱ्या बापांच्या मेंदूत काळजी आणि सावधपणाशी निगडित भाग आईइतकाच जागा झालेला होता. बाळासाठी जितका वेळ दिला, तितके मेंदूतले संबंधित भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले दिसले. लंगोट बदलताना, रात्री दोन वाजता खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना बापाचं शरीरही बदलतं. म्हणूनच ‘ह्यांना नाही जमत, द्या इकडे’ म्हणून बाळ काढून घेऊ नये असं मला कळकळीने वाटतं. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या, तर असं काम करणारे पुरुष ७६ मिनिटं. शिवाय हे काम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाणही बायकांच्या जेमतेम निम्मं होतं.

पाळणाघराबद्दल मनात अपराधी भाव बाळगणाऱ्या आया मला पदोपदी भेटतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतला एक मोठा अभ्यास महत्त्वाचा आहे. १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेहून जास्त मुलांचा त्यात वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. केवळ पाळणाघरात राहिल्याने आईशी असलेली माया पातळ होत नाही, असं त्यात दिसलं. आई बाळाच्या खाणाखुणा किती ओळखते आणि त्यांना कशी साद देते, याचा प्रभाव जास्त होता. चांगल्या पाळणाघरातल्या मुलांची भाषा थोडी पुढे होती. फार जास्त तास तिथे राहणाऱ्या मुलांमध्ये हट्ट, मारामारी किंचित जास्त आढळली, हेही लपवायला नको. पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं बघू नका. एका ताईकडे किती बाळं आहेत, ती त्यांच्याशी बोलते का आणि दर दोन महिन्यांनी माणसं बदलतात का, ते विचारा.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला पंधरा दिवस मिळतात. हे सगळं नोकरदारांचं झालं. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला यातलं काही लागू होत नाही. पहाटे फडात कोयता चालू होतो, बाळ बांधावर लुगड्याच्या झोळीत असतं, आणि झोळी हलवायला असते सात-आठ वर्षांची बहीण. गावाकडची आजी शेकडो किलोमीटर मागे राहिलेली. अंगणवाडीत तीन वर्षांखालच्यांना बहुतेक ठिकाणी घरपोच आहार मिळतो, दिवसभर सांभाळणारं कुणी मिळत नाही. साखर कारखान्यांनी हंगामभर कोप्यांच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांच्या, तळावर पाळणाघर चालवावं, टोळीतल्याच एखाद्या वयस्क बाईला तोडीइतकी मजुरी देऊन तिथे नेमावं, आणि त्या बहिणीला जवळच्या शाळेत बसवावं. साखरेच्या धंद्याला हा खर्च जड नाही.