फाइल पुसली, तरी जागा का सुटत नाही?

लिनक्स सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरते. वेबसाइट बंद पडते, डेटाबेस नवी नोंद घ्यायला तयार नसतो. शोधाशोध केल्यावर ४० जीबीची एक लॉग फाइल (प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती) सापडते. ‘आरएम’ने ती पुसायची आणि ‘डीएफ -एच’ चालवून बघायचं, तर आकडा जिथल्या तिथे: १०० टक्के. ‘डीयू’ने सगळ्या फोल्डरांची बेरीज केली, तर ती मात्र ४० जीबीने कमी भरते.

यातली एकही कमांड खोटं बोलत नाही. ‘डीएफ’ थेट फाइल सिस्टिमला विचारते, की किती ब्लॉक, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे ठरावीक तुकडे, वापरात आहेत. ‘डीयू’ एकेका फोल्डरात शिरून नावानिशी दिसणाऱ्या फाइली मोजत जाते. म्हणजे ज्या फाइलला नावच उरलेलं नाही, ती ‘डीयू’ला दिसणार नाही आणि ‘डीएफ’च्या हिशोबातून सुटणारही नाही.

नाव नसलेली फाइल असते तरी कशी? एखाद्या शेताला घरात ‘विहिरीचा तुकडा’ म्हणतात, शेजारी ‘आंब्याखालचं’ म्हणतात, पण तलाठ्याच्या दप्तरात त्याचा गट नंबर असतो. लिनक्समध्ये फाइलचा गट नंबर म्हणजे तिचा आयनोड नंबर. आयनोडमध्ये मालक, परवानग्या, आकार आणि डेटा कोणत्या ब्लॉकांत आहे हे सगळं असतं. फाइलचं नाव तेवढं नसतं. नावं फोल्डरात राहतात, आणि प्रत्येक नावासमोर एक आयनोड नंबर लिहिलेला असतो.

‘आरएम’ जे सिस्टिम कॉल (कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, केलेली विनंती) करते त्याचं नावच ‘अनलिंक’ आहे. ते फोल्डरातली ती ओळ खोडतं, एवढंच. ब्लॉक मोकळे करायचे की नाही हे कर्नल ठरवतो, आणि त्यासाठी दोन आकडे बघतो: या आयनोडला किती नावं उरली, आणि किती ठिकाणी ही फाइल अजून उघडी आहे. दोन्ही शून्य झाले तरच जागा सुटते. आपल्या सर्व्हरवर नाव गेलं होतं, पण लॉग लिहिणारा प्रोग्रॅम फाइल उघडी धरून बसला होता आणि त्याच ब्लॉकांच्या पुढे लिहीतही होता.

हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. सी भाषेतलं ‘टेंपफाइल’ हे फंक्शन याच सोयीवर चालतं: फाइल उघडी असते, पण तिला नाव नसतं, त्यामुळे प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी कचरा मागे राहत नाही. चालू प्रोग्रॅमला धक्का न लावता त्याची लायब्ररी अपडेट करता येते, तीही याच कारणाने.

अशी अडून बसलेली फाइल शोधायला ‘सुडो एलएसओएफ +एल१’ चालवा (यातला एल कॅपिटल; ‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवणं). उघड्या असलेल्या, पण एकही नाव न उरलेल्या फाइलींची यादी मिळते. ‘सुडो’ विसरलात तर फक्त स्वतःच्या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) दिसतील आणि खरा चोर सुटेल. प्रोसेसचा नंबर ४३१२ आणि एफडीच्या रकान्यात ‘३डब्ल्यू’ दिसलं, तर त्याचा अर्थ असा, की प्रोसेस ४३१२ ने ती फाइल डिस्क्रिप्टर ३ वर (उघड्या फाइलला प्रोसेसमध्ये मिळणारा क्रमांक) लिहिण्यासाठी उघडली आहे.

सर्व्हिस रीस्टार्ट करणं हा सरळ उपाय. प्रोसेस संपली की डिस्क्रिप्टर बंद होतो आणि जागा त्या क्षणी सुटते. रीस्टार्ट परवडत नसेल तर ‘/प्रॉक/४३१२/एफडी/३’ हा मार्ग उघडा असतो. फाइल चुकून पुसली असेल तर तिथूनच ‘सीपी’ने दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, प्रोसेस जिवंत आहे तोवरच हे शक्य आहे, म्हणून हे आधी. मग ‘सुडो ट्रंकेट -एस ०’ आणि हाच मार्ग दिला, की फाइल रिकामी होते. ‘सुडो’ लावून ‘>’ चिन्हाने रिकामी करायला जाऊ नका. ते चिन्ह आपलं साधं शेल (आपण कमांड टाइप करतो तो प्रोग्रॅम) हाताळतं, सुडोचे अधिकार तिथे पोहोचत नाहीत आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं.

इथे एक खाच आहे. प्रोग्रॅमने फाइल ‘ओ_अपेंड’ (दर वेळी फाइलच्या शेवटीच लिहायचं) लावून उघडली नसेल, तर त्याची लिहिण्याची जागा अजून ४० जीबीवरच असते. रिकाम्या फाइलमध्ये पुढची ओळ तो तिथेच लिहितो, आणि आधीचा भाग पोकळ राहतो. ‘एलएसओएफ’ आकाराच्या रकान्यात पुन्हा ४० जीबी दाखवतं. घाबरायचं कारण नाही, पोकळ भागाला ब्लॉक लागत नाहीत.

लॉग नियमित फिरवण्यासाठी, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करण्यासाठी, ‘लॉगरोटेट’ वापरावं, आणि त्यात फाइल बदलल्यावर प्रोग्रॅमला लॉग पुन्हा उघडण्याचा सिग्नल द्यावा. ‘कॉपीट्रंकेट’ हा पर्याय सोपा वाटतो, पण कॉपी आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणी लिहिलेल्या ओळी त्यात हरवू शकतात.

‘एलएसओएफ’मध्ये काहीच सापडलं नाही तर आयनोड किती उरले हे दाखवणारं ‘डीएफ -आय’ बघा. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हाच संदेश आयनोड संपल्यावरही येतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये साधारणपणे दर १६ केबीमागे एक आयनोड धरून फॉरमॅट करतानाच संख्या ठरते, म्हणजे १०० जीबीला सुमारे ६५ लाख. न साफ केलेली सेशन फोल्डर किंवा तुंबलेली मेलची रांग हा साठा सहज संपवते. तिथे ‘आरएम *’ केलं तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ येतं. ‘फाइंड’ला ‘-डिलीट’ जोडून पुसा. याशिवाय ईएक्सटी४ मूळ सेटिंगप्रमाणे ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवते, १ टीबीत ५० जीबी. निव्वळ डेटाच्या डिस्कवर ते ‘ट्यून२एफएस -एम १’ने कमी करायला हरकत नाही. सिस्टिमच्या डिस्कवर मात्र राहू द्यावं, अडचणीच्या वेळी रूटला तेवढाच आधार असतो.

आता सी लिहिणाऱ्यांसाठी, कारण डिस्क भरल्यावर खरं नुकसान प्रोग्रॅमच करतात. ‘प्रिंटएफ’ने पडद्यावर ‘नमस्कार’ छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम घ्या आणि त्याचं आउटपुट ‘/डेव्ह/फुल’कडे वळवा. हे लिनक्समधलं सदैव भरलेलं डिव्हाइस आहे. त्यात काहीही लिहा, उत्तर एकच: एरर २८, जागा नाही. प्रोग्रॅम तरीही निमूट संपतो आणि एक्झिट कोड ० देतो, म्हणजे सगळं ठीक! कारण ‘प्रिंटएफ’ने अक्षरं फक्त बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवली आणि यश कळवलं. खरं लिखाण प्रोग्रॅम संपताना झालं, फसलं, आणि ते विचारायला तिथे कोणी नव्हतं. शेवटी ‘एफफ्लश’ करून (बफर रिकामा करून) त्याचं उत्तर तपासलं, की हीच चूक लगेच उघडी पडते. फाइलमध्ये लिहीत असाल तर ‘एफक्लोज’चं उत्तरही तपासायलाच हवं. थेट ‘राइट’ वापरत असाल तर ते −१ देण्याआधी एकदा मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहून परतू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

सगळ्यांत वाईट चूक सेटिंगची फाइल जतन करताना होते. ‘एफओपन’ला ‘डब्ल्यू’ दिलं, की जुना मजकूर त्याच क्षणी जातो. त्यानंतर डिस्क भरलेली निघाली तर हातात ० बाइटची फाइल उरते. नवं नाही आणि जुनंही नाही. म्हणून नवा मजकूर आधी वेगळ्या नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावा. मग ‘एफफ्लश’, ‘एफसिंक’ (डेटा प्रत्यक्ष डिस्कवर पोहोचवणारं), ‘एफक्लोज’ या क्रमाने जावं, प्रत्येकाचं उत्तर बघावं, आणि सगळी ठीक आली तरच ‘रीनेम’ने ती मूळ नावावर आणावी. कुठेही एरर आली तर तात्पुरती फाइल पुसून थांबावं. जुनी फाइल जशीच्या तशी राहते. ही तात्पुरती फाइल मूळ फाइलच्याच फोल्डरात बनवा. ‘/टेंप’ बऱ्याचदा वेगळ्या फाइल सिस्टिमवर असतं, आणि एका फाइल सिस्टिममधून दुसरीत ‘रीनेम’ होत नाही. तिथे एरर १८ मिळते.