घरगुती विजेची बचत

घरातील विद्युत उपकरणांकडून पूर्वीइतकेच काम करून घ्यायचे, पण कमी विजेत, याला घरगुती विजेची बचत म्हणतात. उपकरणाची निवड, त्याची जागा, देखभाल आणि रोजची सवय या चारही गोष्टी तिच्यात येतात. गरज असताना पंखा बंद ठेवून घामाघूम बसणे हा काटकसरीचा प्रकार झाला. त्याचा या नोंदीत विचार केलेला नाही. छतावरचे सौर पॅनेलही यात मोडत नाही, कारण ती वीजनिर्मिती आहे.

वीज युनिटमध्ये मोजतात. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. म्हणजे हिशेब वॉट आणि तास यांच्या गुणाकाराचा आहे, आणि घरोघरी गफलत होते ती तासांकडे दुर्लक्ष केल्याने. ७५० वॉटचा मिक्सर वाटणासाठी रोज पाच मिनिटे फिरला, तर महिन्याला जेमतेम दोन युनिट जळतात. ७५ वॉटचा पंखा रोज पंधरा तास फिरला, तर महिन्याला सुमारे ३४ युनिट होतात. घर दणाणून सोडणाऱ्या मिक्सरची धास्ती वाटते आणि डोक्यावर गुपचूप फिरणारा पंखा हिशेबात येत नाही. बचतीची सुरुवात म्हणून जास्त तास चालणाऱ्या आणि पाणी किंवा हवा तापवणाऱ्या-गार करणाऱ्या उपकरणांकडे आधी पाहावे.

आपल्या घरात वीज कुठे जाते हे मीटरवरच कळते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो. अनेक मीटरवर तो ३,२०० असतो. अशा मीटरवर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजून १,१२५ ला त्या सेकंदांनी भागले, की त्या क्षणी घर किती वॉट खेचते आहे ते समजते. रात्री सगळी बटणे बंद करून, फक्त फ्रीज चालू असताना दिवा दर दहा सेकंदांनी लुकलुकला, तर सुमारे ११२ वॉटचा भार आहे. आता फ्रीजचेही बटण बंद करावे. तरीही दिवा अधूनमधून लुकलुकत राहिला, तर कुठेतरी सेट-टॉप बॉक्स, वायफाय राउटर, इन्व्हर्टर किंवा रिमोटची वाट पाहणारा टीव्ही जागा आहे. सेट-टॉप बॉक्सने रिमोटवर ‘बंद’ असतानाही दहा वॉट घेतले, तर महिन्याला सात युनिट होतात. भिंतीवरचे बटण बंद करणे हाच त्यावरचा उपाय. या पाच मिनिटांच्या तपासणीतून मिळणारी माहिती कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी असते, कारण ती त्याच घराची असते.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात बचतीला सर्वात मोठा वाव छताच्या पंख्यात आहे. जुन्या पद्धतीच्या पंख्यातली इंडक्शन मोटर ७० ते ८० वॉट घेते. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात आणि तारांच्या वेटोळ्यांतला प्रवाह इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवते. त्यामुळे तेवढ्याच वाऱ्यासाठी त्याला पूर्ण वेगात ३० वॉटच्या आसपास वीज पुरते. रोजच्या पंधरा तासांच्या हिशेबाने एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे साठ. पंखा महाग पडतो, पण जास्त चालणाऱ्या खोलीत त्याची जादा किंमत दोन-तीन वर्षांत फिटते. कधीमधी उघडणाऱ्या खोलीसाठी मात्र घाई करू नये. जुन्या घरांत अजून दिसणारा खोक्यासारखा मोठा रेग्युलेटर हात लावला तर गरम लागतो. पंख्याचा वेग कमी करताना तो उरलेली वीज उष्णतेत घालवतो. त्याजागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवणे हा थोड्या पैशांचा बदल आहे. बीएलडीसी पंख्याला मात्र भिंतीवरचा कोणताच रेग्युलेटर जोडायचा नसतो, वायरमनला हे आधी सांगावे.

दिव्यांच्या बाबतीत काम बरेचसे झाले आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आणि घाऊक खरेदीमुळे त्यांची किंमत झपाट्याने उतरली. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बचे काम ९ वॉटचा एलईडी करतो. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट मात्र अजून अनेक स्वयंपाकघरांत आहे. ती ४० वॉटची म्हणतात, पण चोक धरून ५० वॉटच्या पुढे जाते. तेवढाच उजेड २० वॉटची एलईडी पट्टी देते.

फ्रीज वर्षभर बंद होत नाही, म्हणून त्यात छोट्या चुकीचीही मोठी किंमत पडते. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावावे. कपटा सहज ओढून निघाला, तर रबर सैल झाले आहे आणि गार हवा बाहेर जाते आहे. फ्रीजच्या मागे भिंतीपासून वीतभर मोकळी जागा हवी, कारण आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. गॅसच्या शेगडीला खेटून ठेवलेला फ्रीज जास्त वेळ चालतो. आमटी किंवा दूध निवल्यावरच आत ठेवावे. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाचा थर बोटभर होण्याआधी काढावा. काही घरांत रात्री फ्रीज बंद करतात. त्याने फारसे साधत नाही, कारण रात्रभर आत शिरलेली उष्णता सकाळी बाहेर काढावीच लागते, आणि दूध नासण्याची भीती वेगळीच.

पाणी तापवण्याचा हिशेब कुठल्याही कंपनीच्या हातात नाही. वीस लिटरची बादली २० वरून ४० अंश सेल्सिअसवर न्यायला साधारण अर्धे युनिट लागते, मग ती गिझरने तापवा नाहीतर बादलीत बुडवायच्या कॉइलने. चौघांच्या घरात डिसेंबरमध्ये त्याची महिन्याला साठेक युनिट होतात. फरक पडतो तो पाणी किती घेता, किती तापवता आणि तापवून किती वेळ ठेवता याने. १५ लिटरच्या गिझरचे बटण दिवसभर चालू ठेवले, की टाकी थंड होते, पुन्हा तापते, आणि कोणी अंघोळ न करताही वीज जाते. सगळ्यांच्या अंघोळी पाठोपाठ उरकणे आणि थर्मोस्टॅट (पाणी किती तापल्यावर थांबायचे ते ठरवणारी कळ) ५० अंशांच्या आसपास ठेवणे एवढ्याने यातले बरेचसे टळते. कॉइलची भीती विजेच्या खर्चापेक्षा शॉकची आहे. ती चालू असताना पाण्यात हात घालू नये. सौर बंबाने हा खर्च वर्षातले बरेच महिने जवळजवळ संपतो. पुणे महापालिका तो बसवणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते.

थंड हवेचे गणित प्रदेशागणिक बदलते. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दीडशे-दोनशे वॉटमध्ये खोली सुसह्य करतो. तेच काम करायला दीड टनाचा एसी कित्येक पट वीज घेतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत मात्र हवेतच ओलावा भरलेला असतो, पाणी बाष्प होत नाही आणि कूलर नुसता दमटपणा वाढवतो. तिथे एसी लावावाच लागला तर तापमान पाहावे. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल (किती कमी विजेत काम होते ते ताऱ्यांनी दाखवणारी चिठ्ठी) असलेले एसी सुरू होतानाच २४ अंशांवर असावेत, असा नियम आहे. पंखा सोबत लावला, तर २६ अंशांवरही झोप लागते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ऊर्जा संरक्षण कायदा २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी स्थापन झाला आणि त्याची स्टार लेबल योजना २००६ मध्ये आली. छताच्या पंख्यांना हे लेबल २०२३ पासून सक्तीचे आहे. कायद्याखालचे राज्यातले काम महाऊर्जा ही राज्य सरकारची संस्था पाहते. लेबल वाचताना ग्राहक तारे मोजतो, पण त्यावर छापलेले वर्ष आणि वार्षिक युनिट जास्त महत्त्वाचे आहेत. निकष वेळोवेळी कडक होतात. २०२१ मध्ये पाच तारे असलेले बरेच एसी जुलै २०२२ नंतरच्या मोजणीत चार ताऱ्यांवर आले. म्हणून दुकानात उरलेला जुना माल घेताना युनिटचा आकडा पडताळावा.

महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: पहिली १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत महाग, पुढे ५०० पर्यंत आणि त्यावर आणखी महाग. त्यामुळे वाचलेले प्रत्येक युनिट बिलाच्या सर्वात महाग टोकाकडून कमी होते. महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या घराने साठ वाचवली, तर त्यातली पन्नास तिसऱ्या टप्प्यातली असतात. महावितरणच्या बिलातला स्थिर आकार मात्र सहसा बचतीने घटत नाही.

घराबाहेरचा फायदा याहून मोठा आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या केंद्रांत कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते, आणि घरापर्यंत येताना तारांत आणखी गळती होते. भारनियमनाच्या काळात तासन्‌तास अंधारात काढलेल्या गावांना विजेचा तुटवडा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. संध्याकाळी दिवे, टीव्ही, स्वयंपाक एकाच वेळी सुरू होतात तेव्हाची मागणी भागवणे सर्वात अवघड जाते. कोयनेचे जलविद्युत संच मुख्यतः अशाच वेळेसाठी राखलेले असतात. म्हणून पाण्याची मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन ही थांबू शकणारी कामे त्या वेळेतून बाहेर काढणे हीसुद्धा मोलाची मदत आहे.

सॉकेटमध्ये खोचले की बिल निम्मे करते, असे सांगून विकली जाणारी ‘वीज बचत यंत्रे’ घेऊ नयेत. त्यांत बहुधा एक कपॅसिटर असतो. तो पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) सुधारू शकेल, पण साध्या घरगुती जोडणीचे बिल पॉवर फॅक्टरवर ठरत नाही, प्रत्यक्ष युनिटवर ठरते.

खरी अडचण दोन ठिकाणी राहते. भाड्याच्या घरात पंखा आणि गिझर मालक घेतो, बिल भाडेकरू भरतो. मालक स्वस्तातला माल बसवतो आणि भाडेकरू दुसऱ्याच्या घरात पैसे घालत नाही. दुसरी अडचण जुन्या उपकरणांची आहे. नवा पाच तारे फ्रीज आला, की जुना गॅलरीत थंड पेयांसाठी चालू राहतो किंवा गावाकडे पाठवला जातो. तिथे तो आणखी कित्येक वर्षे चालतो, आणि नव्याने वाचवलेली वीज पुन्हा खर्ची पडते. जुने उपकरण अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात दिले, किंवा नवे घेताना दुकानात बदली म्हणून देऊन ते मोडीतच निघेल याची खात्री केली, तरच त्याचा वापर थांबतो.