बौद्धिक अक्षमता आणि वार्धक्य

बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना म्हातारपण लवकर गाठते, डाउन सिंड्रोममध्ये तर चाळिशीतच. या सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र तिहेरी असते आणि अमायलॉइड प्रथिन ज्यापासून तयार होते त्याचे जनुकही त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात दिसणारे या प्रथिनाचे साठे जमलेले असतात. लक्षणे बहुधा पन्नाशीच्या आगेमागे दिसतात. सुरुवात विसरण्यानेच होते असे नाही. रोज आपल्या हाताने चपला घालणारा माणूस दारात नुसता उभा राहतो, पायरी उतरायला घाबरतो, किंवा त्याला आयुष्यात पहिल्यांदा फिट येते.

मात्र दरवेळी कारण स्मृतिभ्रंशच असते असे मानणेही चूक. मंदावलेला थायरॉइड, मोतीबिंदू, कानातला मळ, बद्धकोष्ठता, दुखती दाढ यांनीही माणूस असाच सुस्त किंवा चिडचिडा होतो. दुखते कुठे ते त्याला सांगता येत नाही आणि घरचेच काय, डॉक्टरही ‘तो आधीपासून तसाच आहे’ म्हणून मोकळे होतात. फिटच्या काही गोळ्या, विशेषतः फेनिटॉइन, वर्षानुवर्षे घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, हे तर सहज नजरेआड होते.

गिळण्याच्या तक्रारी नाश्त्यालाच कळतात. कोरडे पोहे घशात बसतात म्हणून नागपुरी घरात त्यावर तर्री, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा, ओतली जाते. पण पातळ रस्सा आणि अख्खा चणा एकाच घासात येणे हे कमकुवत गिळण्याला फार अवघड. घासाबरोबर खोकला येत असेल तर तपासणी हवीच. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा वेगळाच धोका: मनोविकारावरील काही औषधांनी घाम कमी येतो आणि तहान लागली तरी हा माणूस पाणी मागत नाही. कूलर लावून भागत नाही, तासातासाला पेला हातात द्यावा लागतो.

उपचारांसाठी नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स ही सरकारी रुग्णालये आहेत. राष्ट्रीय न्यास कायद्याखालील (१९९९) निरामय विम्यातून १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. त्याच कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. त्यासाठीचा अर्ज आई-वडील हयात असतानाच करावा, म्हणजे नव्या पालकाला सगळी माहिती आईकडून घेता येईल; कारण डॉक्टरांच्या ‘हे कधीपासून?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत एकट्या आईलाच ठाऊक असते आणि मुलगा पन्नाशीत आला की तीही पंच्याहत्तरीच्या घरात असते.