यादीतला आणि यादीबाहेरचा कुत्रा: कोरियातील बंदीची पार्श्वभूमी

दक्षिण कोरियाच्या संसदेने ९ जानेवारी २०२४ रोजी कुत्र्याच्या मांसाचा धंदा बंद करणारा कायदा मंजूर केला. बाजूने २०८ मते, दोन सदस्य तटस्थ, विरोधात एकही नाही. इतके एकमत होते, तर हा प्रश्न इतकी वर्षे का रेंगाळला? बहुतेक जण परंपरेकडे बोट दाखवतात. पण परंपरेपेक्षा कायद्यातल्या घोळाने तो जास्त अडवून धरला होता.

परंपरा होती, हे खरे. उन्हाळ्यातल्या ‘बोक’ नावाच्या तीन दिवशी अंगात ताकद यावी म्हणून कुत्र्याच्या मांसाचा तिखट रस्सा, म्हणजे गेजांग, पीत. एकोणिसाव्या शतकातल्या सणवारांच्या नोंदींत त्याचा उल्लेख आहे. ज्यांना तो चालत नसे, ते तसाच रस्सा गोमांसाचा करत. ते युकगेजांग आजही आवडीने खाल्ले जाते. कुत्रा ताटातून गेला, तरी त्याच्यासाठीचा ‘गे’ हा शब्द पदार्थाच्या नावात तसाच आहे.

आता घोळाकडे येऊ. पशुपालनाच्या कायद्यात १९७३ पासून कुत्रा ‘पशुधन’ गणला गेला. म्हणजे डुकराप्रमाणे कुत्रा पाळायला हरकत नव्हती. कत्तल आणि मांसाची स्वच्छता यांसाठी मात्र वेगळा कायदा होता आणि त्याची यादीही वेगळी होती. त्या यादीत १९७५ मध्ये कुत्र्याचे नाव घातले गेले आणि १९७८ मध्ये ते काढून टाकले गेले. परिणाम असा, की कुत्रे पाळणे कायदेशीर, पण ते कुठे व कसे कापायचे, मांस कोणी तपासायचे, याला नियमच नाही. पाळणारे म्हणत, आमचा धंदा कायद्यात बसतो. प्राणीमित्र म्हणत, हे मांस कायद्यात अन्नच नाही. दोघांच्याही हातात कायद्याचा आधार होता. दोन्ही यादींत कुत्रा घातला, तर सरकार जगापुढे कुत्र्याच्या मांसाला मान्यता देणार; दोन्हींतून काढला, तर हजारो लोकांच्या पोटावर पाय येणार. म्हणून एकामागून एक सरकारांनी हात बांधून बसणे पसंत केले. याची सर्वांत मोठी किंमत पिंजऱ्यातल्या जनावरांनी मोजली, कारण तपासायला जाणारे कोणीच नव्हते.

या पोकळीत किती काही मावत होते, ते एका खटल्यात दिसले. कुत्रे पाळण्याचा धंदा करणाऱ्या एकाने तोंडात विजेची सळई घालून कुत्रे मारले होते. विजेने मारण्याची पद्धत इतर जनावरांसाठी मान्य आहे, असा त्याचा बचाव. खालच्या दोन न्यायालयांनी त्याला सोडलेही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रकरण परत पाठवले आणि शिक्षेवर अंतिम शिक्कामोर्तब व्हायला २०२० उजाडले.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या आधी, १९८४ मध्ये, राजधानी सोलमध्ये कुत्र्याच्या रश्श्याची दुकाने दर्शनी रस्त्यांवरून हटवली गेली. धंदा थांबला नाही. तो गल्लीबोळांत गेला आणि पाट्यांवर ‘पौष्टिक रस्सा’, ‘बारमाही रस्सा’ अशी नावे आली. परक्यांच्या नजरेसाठी झाकलेली गोष्ट बदलत नाही. उलट, बाहेरून टीका झाली की ‘आमच्या ताटात तुम्ही कोण बोलणार’ ही भावना बळावत असे.

खरा बदल घराघरांत झाला. फ्लॅटमध्ये कुत्रा आला, तो सोफ्यावर झोपू लागला. ‘एवान’, म्हणजे लाडाचा प्राणी, हा शब्द मागे पडून ‘बान्र्यो’, म्हणजे सोबती, हा शब्द रुळला. तोच शब्द कोरियन माणूस जोडीदारासाठीही वापरतो. एका पाहणीत, वर्षभरात कुत्र्याचे मांस खाल्ले असे सांगणारे २०१५ मध्ये २७ टक्के होते, ते २०२२ मध्ये ८ टक्के उरले. सोंगनामच्या मोरान बाजारातली आणि बुसानच्या गुपो बाजारातली कत्तल २०१९ पर्यंत बंद झाली होती. कायदा त्यानंतर आला.

फेब्रुवारी २०२७ पासून कत्तलीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड आहे. खाणाऱ्याला शिक्षा नाही. लवकर धंदा बंद करणाऱ्या कुत्रेपाळ्याला सरकारकडून एका कुत्र्यामागे सहा लाख वॉनपर्यंत मिळतात, उशीर केला तर कमी. पण कायदा झाला तेव्हा पिंजऱ्यांत सुमारे पाच लाख कुत्रे होते आणि त्यांतले बरेच थोराड, फ्लॅटमध्ये न मावणारे. त्यांना घर कोण देणार, हे पैशांच्या तक्त्याइतके नेमकेपणाने कुठेच ठरलेले नाही.