शून्य पत्त्यावरची पावलं

सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये कोसळला की कन्सोलवर जे उमटतं ते पाहून पहिल्यांदा तरी डोकं चक्रावतं. 'वॅझम-फंक्शन १४३२', त्याखाली 'वॅझम-फंक्शन ९०७', आणि सर्वांत वर तक्रार: मेमरीची हद्द ओलांडली. आपण तर फंक्शनांना, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्यांना, विचार करून नावं दिली होती. ती गेली कुठे?

कंपायलरनं, म्हणजे आपला कोड यंत्रभाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनं, गाळली. वेबअसेम्ब्ली, थोडक्यात वॅझम, ही ब्राउझरसाठीची यंत्रभाषाच म्हणा ना. २०१७ मध्ये ती क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज या चारही ब्राउझरांत आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं तिला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. सी किंवा सी++ मधला जुना, अवजड प्रोग्रॅम एमस्क्रिप्टेन हा कंपायलर वापरून या भाषेत उतरवता येतो. ऑटोकॅड आणि फोटोशॉप ब्राउझरमध्ये चालू लागले ते याच्याच जोरावर. अशी फाइल उघडली तर सुरुवातीला एक शून्य, मग ए, एस, एम ही अक्षरं, आणि पुढे नुसते बाइट. फंक्शन हाक मारायला यंत्राला क्रमांक पुरतो.

म्हणजे कितव्या बाइटवर गाडी अडली हे ब्राउझर अचूक सांगू शकतो. आपल्याला हवी असते फाइल आणि ओळ. सुरुवातीला यासाठी सोर्स मॅप, म्हणजे बाइट आणि मूळ ओळ यांची जुळणी सांगणारी फाइल, वापरत. त्यातून ओळ कळते, पण त्या ओळीवर चलाची किंमत काय होती हे कळत नाही. ती सोय ड्वार्फ या, चुका शोधताना लागणारी माहिती नोंदवण्याच्या पद्धतीत आहे. एल्फ नावाच्या फाइलरचनेच्या जोडीला हे नाव गमतीनं ठेवलेलं, आणि मूळचं १९८०च्या दशकातलं. कंपायलरला 'डॅश जी' हा पर्याय दिला की तो वॅझम फाइलमध्ये हा ऐवज भरतो: अमुक बाइट म्हणजे तमुक फाइलची २७वी ओळ, 'एकूण' नावाचं चल सध्या या जागी, त्याचा प्रकार हा. हा नकाशा अनेकदा मूळ प्रोग्रॅमपेक्षा मोठा भरतो, म्हणून तो वेगळ्या फाइलमध्येही ठेवता येतो.

क्रोमच्या डेव्हटूल्सना, म्हणजे ब्राउझरमधल्या प्रोग्रॅमरांच्या अवजारांना, २०१९च्या अखेरीस हा नकाशा वाचता येऊ लागला. सी++ची चलं नीट उलगडून पाहायची तर एक एक्स्टेन्शन बसवावं लागतं. मला यात मौज वाटते ती ही, की त्या एक्स्टेन्शनच्या आत एलएलडीबी या डीबगरचाच, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनाचाच, कोड वेबअसेम्ब्लीत उतरवून बसवलेला आहे.

नकाशा असला तरी रस्ते जागेवर हवेत. वेगासाठी ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड आटोपशीर करणं, चालू केलं की कंपायलर एक फंक्शन दुसऱ्याच्या पोटात घालतो, काही चलं पार पुसून टाकतो, आणि डीबगरमध्ये त्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतं. शोधाशोध करायची असेल तर ऑप्टिमायझेशन बंद ठेवावं, हे उत्तम. डेव्हटूल्स उघडे असताना क्रोमसुद्धा वॅझम कोड आपल्या साध्या, कमी हुशारी करणाऱ्या कंपायलरकडून चालवून घेतो. डीबगर उघडल्यावर प्रोग्रॅम रेंगाळतो तो त्यामुळेही.

आता खरी खोच. प्रोग्रॅम कोसळला तर निदान जागा तरी सापडते. न कोसळणारी चूक जास्त छळते. लिनक्सवर नल पॉइंटरमधून, म्हणजे शून्य पत्त्यावर, काही लिहायला गेलात तर 'सेगमेंटेशन फॉल्ट' होऊन प्रोग्रॅम तिथेच मरतो, कारण शून्याजवळची मेमरी प्रोग्रॅमला दिलेलीच नसते. वेबअसेम्ब्लीची मेमरी म्हणजे ६४ किलोबाइटच्या पानांची एक सलग पट्टी, आणि ती सुरूच होते शून्यापासून. शून्य हा इथे रीतसर पत्ता आहे. पूर्णांकाला शून्यानं भागलंत तर ब्राउझर लगेच अडवतो; शून्य पत्त्यावर लिहिलंत तर हूं की चूं करत नाही.

एमस्क्रिप्टेननं यावर केलेला उपाय मला फार आवडतो. चोराची पावलं उमटावीत म्हणून दाराशी राख पसरून ठेवावी, तसा प्रकार. डीबगसाठी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये तो शून्य पत्त्यावर ई, एम, एस, सी ही चार अक्षरं लिहून ठेवतो आणि नंतर ती जागच्या जागी आहेत का ते तपासतो. नसली तर आरडाओरडा. अर्थात, राखेवरून कुणीतरी येऊन गेलं एवढंच कळतं. केव्हा आलं, कुठल्या ओळीतून आलं, ते कळत नाही. आणि नुसतं वाचून गेलं असेल तर पाऊलच उमटत नाही.

मग 'सेफ हीप' हा पर्याय लावून प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा. आता मेमरीला हात लावण्याआधी दर वेळी तपासणी होते. प्रोग्रॅम गोगलगायीसारखा चालतो, पण शून्याला हात लागताच तिथल्या तिथे थांबतो. सोबत 'डॅश जी' दिलेलं असेल तर कॉल स्टॅकमध्ये, म्हणजे कुणी कुणाला हाक मारली त्या यादीत, या वेळी १४३२ हा आकडा नसतो. आपणच ठेवलेलं नाव असतं आणि शेजारी ओळीचा क्रमांक. तिथे कधी कधी सापडतं ते मेमरी मागून देणाऱ्या मॅलोक या फंक्शननं परत केलेलं नल, जे तपासायचं आपण विसरलो होतो.