बेल्ट नाही, क्लच नाही, गियर बदलणंही नाही

'ई-सीव्हीटी म्हणजे शेवटी सीव्हीटीच. बेल्ट गेला की लाखाला खड्डा!' पेट्रोल हायब्रिड एसयूव्ही घ्यायची म्हटलं की हे ऐकवणारा कुणीतरी भेटतोच. टोयोटा हायरायडर आणि तिची जुळी बहीण मारुती ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही वेळ नुसत्या मोटारीवरही चालणाऱ्या मॉडेलांबद्दल तर हमखास. सीव्हीटी म्हणजे ठरावीक गियरांऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारं ट्रान्समिशन. या गाड्यांतल्या ट्रान्समिशनचं नाव ई-सीव्हीटी असलं तरी त्यात बेल्ट नसतोच. क्लचप्लेट नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही. आहे तो एक प्लॅनेटरी गियर आणि दोन मोटारी.

मधोमध सूर्य-गियर, त्याभोवती छोटे ग्रह-गियर आणि त्या सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कडं. सूर्य-गियरला पहिली मोटार जोडलेली असते. तिचं मुख्य काम जनरेटरचं. ग्रह-गियर ज्या चौकटीवर बसतात ती चौकट इंजिनाला आणि कडं चाकांना जोडलेलं. दुसरी, मोठी मोटारही चाकांच्याच बाजूला. तिन्ही भाग कायम एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे दोघांचा वेग ठरला की तिसऱ्याचा आपोआप ठरतो. टोयोटाच्या १९९७च्या पहिल्या हायब्रिडमध्ये, प्रियसमध्ये, सूर्य-गियरला ३० आणि कड्याला ७८ दाते होते. त्यावरून सूत्र निघतं:

१०८ × इंजिनाचे फेरे = ३० × जनरेटरचे फेरे + ७८ × कड्याचे फेरे

कडं मिनिटाला १००० फेरे घेतंय आणि इंजिन बंद आहे, तर जनरेटर उलट दिशेने २६०० फेऱ्यांनी फिरतो. आता त्याच वेगात इंजिन १५०० फेऱ्यांवर हवंय? जनरेटर सुलट २८०० वर आणायचा, बस्स. गाडीचा वेग तोच राहिला, इंजिनाचा बदलला, आणि एकही दाता दुसऱ्यातून सुटला नाही. इंजिन सुरू करायचं कामही हाच जनरेटर करतो, म्हणून वेगळा सेल्फ लागत नाही. इंजिनाच्या टॉर्कपैकी, म्हणजे फिरवण्याच्या जोरापैकी, सुमारे २८ टक्के सूर्य-गियरकडे जातो, ७२ टक्के थेट कड्याकडे. जनरेटरने केलेली वीज मोठ्या मोटारीला मिळते, उरलेली बॅटरीत.

एवढी खटपट इंजिनासाठी. १४९० सीसीचं हे तीन सिलिंडरचं इंजिन ॲटकिन्सन पद्धतीने चालतं: इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे दाब देण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा लांब पडतो. तापलेल्या वायूकडून जास्त काम निघतं, पण ओढ कमी पडते. ती १४१ न्यूटन-मीटरची मोटार भरून काढते. म्हणून प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर.

'सेल्फ चार्जिंग' ही मात्र जाहिरातीची भाषा. बॅटरीतला प्रत्येक युनिट शेवटी पेट्रोलमधूनच येतो. ब्रेक लावताना वाया जाणाऱ्यातला काही परत मिळतो, इतकंच. माणसांसह १६०० किलोची गाडी ताशी ६० वरून थांबवली तर गतिज ऊर्जा भरते जेमतेम ०.०६ युनिट. शहरात असं थांबणं दर सिग्नलला, म्हणून फायदा तिथे. एक्सप्रेसवेवर ब्रेकच कमी, आणि हवेचा रोध कुठलीच मोटार परत देत नाही.

बॅटरी अवघी ०.७६ युनिटची. खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे ५०० मीटर उतरताना दोन युनिटांहून जास्त स्थितिज ऊर्जा सुटते. घर्षण वजा केलं तरी बॅटरी घाटातच भरते. मग जनरेटर इंजिनाला नुसतंच गरगर फिरवून ऊर्जा खर्च करतो. इंजिनाचा आवाज चढतो. बिघाड नाही तो. घाटाचा उतार लागताच लिव्हर 'बी'वर, म्हणजे इंजिनाच्या रोधाने वेग आवरणाऱ्या जागी घ्यावा, ब्रेक तापत नाहीत.

आता रोजचं. वरच्या मॉडेलात पॅनोरमिक सनरूफ, ३६० अंश कॅमेरा, हवा खेळणाऱ्या पुढच्या सीट. यातल्या सीट खऱ्या उपयोगाच्या. सनरूफ डोक्यावरची जागा खातं आणि मे महिन्यात पडदा ओढूनच ठेवावा लागतो. एसीचा कंप्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. या सगळ्याची किंमत डिकीत मोजावी लागते: माइल्ड हायब्रिडमध्ये (जिथे मोटार इंजिनाला फक्त हातभार लावते) ३७३ लिटर, इथे बॅटरीमुळे २६५. चौघांच्या बॅगा घेऊन शोरूमला जा आणि बसवून बघा.

बॅटरी गार ठेवणारी हवा टोयोटाच्या बहुतेक हायब्रिडमध्ये प्रवाशांच्या बाजूनेच जाळीतून ओढली जाते. जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा, तिच्यावर उशी-पिशवी ठेवू नका, सर्व्हिसिंगला साफ करून घ्या. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने बॅटरी गार राहत नाही.

आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही, कारण सगळे कॉम्प्युटर आणि रिले छोटीवर जागे होतात. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर अधूनमधून मोकळ्या हवेत तासभर 'रेडी' ठेवा. नुसतं ॲक्सेसरीवर गाणी लावून बसलात तर छोटी बॅटरी उतरतेच.