काहिलीतला गूळ, टाकीतली बिअर

गुऱ्हाळाचा हंगाम सुरू होऊन पंधराएक दिवस झाले होते. करवीर तालुक्यातल्या मामांच्या गुऱ्हाळावर मी एका मित्राला घेऊन गेलो. मित्र मूळचा राजारामपुरीचा, पण आता पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, बिअर बनवतो. निघताना मामांनी बळेबळे लिटरभर ताजा रस प्लास्टिकच्या बाटलीत भरून दिला आणि तो गाडीतच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर बाटली टम्म फुगलेली. झाकण जरा सैल केलं आणि फस्सकन फेस सीटवर! मी कपाळाला हात लावला. मित्र मात्र बाटलीला नाक लावून म्हणाला, "मर्दा, माझं निम्मं काम झालंय की ह्यात."

निम्मं नाही, पण सुरुवात झाली होती खरी. उसाच्या कांड्यावर, चरकाच्या फटींत, गुऱ्हाळावर घोंघावणाऱ्या माश्यांच्या पायांवर यीस्टच्या, म्हणजे साखर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीच्या, पेशी असतातच. रसात उतरल्या की त्या साखर खातात आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. बाटली फुगवली ती या वायूने. रसाला आंबूस वासही येत होता, म्हणजे पंगतीला जिवाणूही बसले होते.

गुळव्या आणि बिअर करणारा, दोघांच्याही हातात गोड रस असतो आणि दोघंही तो उकळतात. पण गुळव्याचं सगळं कसब या पेशींना साखरेपासून लांब ठेवण्यात आहे. बिअरवाला त्यांना आमंत्रण देतो, फक्त आपल्या वेळेला आणि आपल्या पसंतीच्या पाहुण्यांना.

मित्राने मामांच्या रसाचा थेंब ब्रिक्स मीटरवर टाकून पाहिला होता. आकडा आला २०. शंभर ग्रॅम रसात सुमारे वीस ग्रॅम विरघळलेला ऐवज, आणि त्यातली बहुतेक साखरच. काहिलीत हा रस उकळतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढत राहायची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. काहिलीतला पाक मात्र पाणी उडेल तसा तापत जातो आणि गूळ उतरवायच्या वेळी ११८ अंशांच्या घरात पोचतो. मामा थर्मामीटर वापरत नाहीत. गार पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का ते बघतात, आणि मित्राने नंतर मोजलं तेव्हा त्यांचा अंदाज दोन अंशांनीही चुकला नव्हता. वाफ्यात थंड झालेल्या गुळात पाणी इतकं कमी उरतं की वर पडलेल्या यीस्टच्या पेशीतलंच पाणी गूळ शोषून घेतो. ती जगते कशीबशी, पण तिला काही करता येत नाही. पावसाळ्यात गुळाला पाझर सुटला की मात्र तिचं फावतं.

बिअरवाल्याची अडचण उलटी असते. बार्लीत साखर जवळजवळ नसतेच, असतो तो स्टार्च, आणि बिअरचं यीस्ट स्टार्चला तोंडही लावत नाही. मग करायचं काय? आपल्याकडे प्रत्येक बाळंतघरी जे करतात तेच. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरं (एन्झाइम) तयार होतात, कारण कोंबाला वाढायला स्टार्चची साखर हवी असते. म्हणूनच मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ आणि गोडसर होते, बाळाला सहज गिळता येते. बार्लीला असेच मोड आणून ती भट्टीत वाळवली की तिला माल्ट म्हणतात. जास्त भाजली तर काळी बिअर, कमी भाजली तर सोनेरी.

भरडलेला माल्ट कोमट नव्हे, चांगल्या कढत पाण्यात तासभर ठेवतात आणि इथे चार-पाच अंशांनी चव बदलते. ६२ ते ६५ अंशांना बीटा-अमायलेज जोमात असतं. ते स्टार्चच्या साखळीच्या टोकापासून दोन-दोन कड्या तोडत जातं, त्या यीस्टला सहज पचतात आणि बिअर हलकी, कोरडी होते. ७० च्या पुढे ते ढेपाळतं. मग अल्फा-अमायलेजचा कारभार. ते साखळी मधेच कुठेही तोडतं, त्यातून लांब तुकडे उरतात, यीस्ट ते खात नाही आणि बिअर तोंडात भरीव लागते.

"मग आमच्या गगनबावड्याच्या नाचणीची बिअर का करत नाहीस?" मी विचारलं. करता येते, करतातही. पण बार्लीच्या दाण्याला फोलपट असतं आणि टाकीच्या तळाशी त्याचाच थर बसून रस आपोआप गाळला जातो. नाचणीला किंवा ज्वारीला तसं फोलपट नाही, त्यामुळे नुसती नाचणी घेतली की खाली चिखल. शिवाय बऱ्याच भरड धान्यांचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, आणि तोवर निम्मी विकरं निकामी झालेली असतात. म्हणून बहुधा बार्लीत थोडी नाचणी मिसळतात.

गाळलेला रस हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर तासभर उकळतात. उकळण्याने फुलांतल्या आम्लांची रचना बदलते आणि कडवटपणा येतो. ही वेल कोल्हापुरात लावून उपयोग नाही. तिला फुलायच्या आधी भरपूर वाढायला उन्हाळ्याचे लांबलचक दिवस लागतात आणि आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. भारतात ती हिमाचलातल्या लाहौलमध्ये होते. कडू चवीखेरीज हॉप्सचं दुसरं काम राखणदारीचं: दूध आंबवणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना ते वाढू देत नाहीत. रेणुकेच्या यात्रेला आपण जी आंबील करतो, तिची आंबट चव याच जिवाणूंच्या गोतावळ्याची. जर्मनीत मुद्दाम आंबट केलेल्या काही बिअर असतात, तिथे हॉप्स हात आखडून घालतात आणि या मंडळींना आत घेतात. आंबील आवडणाऱ्या माणसाला ती चव परकी वाटू नये.

गंमत म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढंच सांगितलं होतं. यीस्टचं नावच नाही, कारण ते काय चीज आहे हेच ठाऊक नव्हतं. लुई पाश्चरने बिअरच्या बिघाडावरचा ग्रंथ १८७६ मध्ये काढला, आणि १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बिअरला लावलं. आजच्या मायक्रोब्रुअरीची सगळी भिस्त त्यावर आहे. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात २००९ मध्ये पुण्याच्या डूलालीने केली. अशा ठिकाणी गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, तेव्हा केळं घातलेलं नसतं. पिकलेल्या केळ्यात असतं तेच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे यीस्ट बनवतं, आणि टाकी जरा उबदार ठेवली की जास्तच बनवतं. लेगर या गार ठेवून आंबवायच्या बिअरचं यीस्ट १० अंशांच्या आसपास निवांत काम करतं, म्हणून त्याला वेळ आणि विजेचं बिल दोन्ही जास्त. (आमच्या गाडीतली बाटली शुद्ध यीस्टची नव्हती आणि परवान्याचीही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची आठवण ठेवून आम्ही ती मोरीत ओतली.)

दोन महिन्यांनी मित्र मामांचाच गूळ घालून केलेल्या बिअरची एक बंद बाटली घेऊन आला. पिणाऱ्यांची पहिली तक्रार होती, ही गोड का नाही? गुळातली साखर मुख्यतः सुक्रोज. यीस्ट तिचे दोन तुकडे करून त्यांचा फडशा पाडतं, माल्टमधल्या लांब तुकड्यांसारखं मागे काही ठेवत नाही. त्यामुळे गूळ घातला की बिअर उलट कोरडी होते आणि अल्कोहोल वाढतं. काहिलीत साखर आणि रसातली अमिनो आम्लं तापून झालेला खमंगपणा मात्र यीस्टला पचत नाही, तो तसाच राहतो.

मामा माळकरी. त्यांनी ग्लास हातभर अंतरावर धरून वास घेतला. "गूळ हाय की ह्यात. आपलाच."

मग त्यांनी कामाचं विचारलं. ती उकडलेली बार्ली शेवटी जाते कुठं? साखर गेली तरी चोथ्यात प्रथिनं आणि तंतू राहतात, ती आसपासचे गवळी ओलीच उचलतात, मित्र म्हणाला. पण एक-दोन दिवसांत घालायला हवी, नाहीतर आंबते.

"म्हशीला चालतीया?"

"चालतीया. पण पुण्यातनं इथवर आणली तर वाटेतच आंबायची."

मामांनी ग्लास खाली ठेवला. "मग इथंच काढ की कारखाना."